तालमीचा धाक आणि तालमीची साथ

कोल्हापूरच्या कुस्तीचे श्रेय सहसा राजाश्रयाला दिले जाते, आणि त्यात तथ्य आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना खुराक दिला, 1912 मध्ये खासबाग मैदान उभे केले. पण खुराक मिळाला म्हणून कोणी रोज पहाटे उठून शेकडो जोर-बैठका मारत नाही. ते सातत्य तालमीच्या रचनेत होते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत पोरे एकत्र राहत, एकमेकांच्या अंगाला माती लावत, बदाम घोटून थंडाई करत. लढतीला जोडीदार लागतोच. एक गैरहजर राहिला की दुसऱ्याचाही सराव बुडे. त्यामुळे आळस हा खासगी दोष राहत नसे, आणि पथ्य मोडले तर वस्तादाआधी सोबत्यांनाच कळे.

हे सारे दरबारी पैशावरच चालले असते, तर 1949 मध्ये संस्थान विलीन झाल्यावर तालमी ओस पडायला हव्या होत्या. तसे झाले नाही. 1952 मध्ये पैलवान खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकले, तेही गावकऱ्यांच्या वर्गणीवर आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर. तालमीची ही साथ सर्वांसाठी नव्हती, हा आक्षेप मात्र खरा आहे: मुलींना कुस्तीच्या हौद्यात दीर्घकाळ जागाच नव्हती. पण त्यातूनही सोबतीचे मोलच सिद्ध होते. ज्यांना तालीम मिळाली नाही, त्यांच्या नुसत्या जिद्दीला पैलवानकीची वाट सापडली नाही.