२६ जानेवारी १९९८ : कोकण रेल्वे सलग झाली

रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण लांबीने वाहतुकीस खुला झाला. त्याचा खरा लाभ मुंबईत नोकरी करणाऱ्या कोकणी चाकरमान्यापर्यंत पोचवला तो रात्रगाडीने. कोकणकन्या एक्स्प्रेस रात्री मुंबई सोडते आणि चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करत सकाळी मडगाव गाठते. दिवसा धावणारी वंदे भारत एक्स्प्रेस तेच अंतर कमी वेळात कापते, मग रात्रगाडी कशाला, असा आक्षेप येतो. पण वेग तासांत मोजायचा की रजेत? दिवसाची गाडी कामाचा दिवस खाते. शिवाय वंदे भारतला जनरल डबा नाही, कोकणकन्येला आहे. वेगवान गाड्या जरूर याव्यात, मात्र रात्रगाड्यांचे साधे डबे कमी करून नव्हे.