चिंचेने घासलेला राजा

नागपुरात पहिल्या पगारातून मी एक सातवाहन नाणं घेतलं, पिझ्झाच्या किमतीत. पोटीनचं, म्हणजे तांबं, कथील, शिसं यांच्या स्वस्त मिश्रधातूचं. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. चमकावं म्हणून चिंचेने घासलं, आणि हत्तीभोवतीची ब्राह्मी अक्षरंच गेली!

1939 मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, तऱ्हाळ्याला अशी सुमारे दीड हजार नाणी एकत्र सापडली. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ती वाचली, म्हणून कुंभ आणि कर्ण सातकर्णी हे पुराणांत नसलेले राजे कळले. माझ्या नाण्यावर कोण होता? आता कळणार नाही. तुम्ही घ्याल तर घासू नका. कुठे सापडलं, ते आधी विचारा.