धुऱ्यावरचा गुन्हा, भंडाऱ्याची पेशी

एकोणिसाव्या शतकातले गुन्हे म्हटले की लोक ठग-पेंढाऱ्यांवर येतात. मी गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीचा. कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहिण्यात हयात गेली, म्हणून मला आधी कोंडवाडा आठवतो. आमच्या धानपट्ट्यात भांडण पेटायचं ते बांधीत शिरलेल्या बैलावरून.

१८७१ च्या गुरांच्या कायद्याने त्या भांडणाला कलमं दिली. पीक तुडवणारं जनावर धरायचं, २४ तासांत कोंडवाड्यात पोचवायचं. मालकाने दंड आणि चारापाण्याचा खर्च भरून सोडवायचं, नाहीतर शेवटी लिलाव. पण मालकाने वाटेतच बैल हिसकावून नेला, तर सहा महिने कैद किंवा ५०० रुपये दंड, किंवा दोन्ही. शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, हमरीतुमरी अशी फौजदारी झाली.

त्याआधीच नागपूरच्या भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १ जानेवारी १८६२ पासून दंड संहिता लागू झाली. आमचा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात, तिरोडा तहसिलीत. किरकोळ गुन्हे तहसीलदारापुढे चालत, मोठे भंडाऱ्याला डेप्युटी कमिशनरसाहेबापुढे. १८८२ च्या फौजदारी संहितेच्या ३० व्या कलमाखाली खास अधिकार मिळाला की या प्रांतात त्याला सात वर्षांपर्यंत कैद ठोठावता येई. जमिनीचा साराही त्याच्याच अमलाखाली वसूल होई. ज्याच्या कचेरीत हप्त्याची मुदत मागायची, त्याच्याच पुढे आरोपी म्हणून उभं राहायचं!

आणि भंडारा जवळ नव्हतं. आजच्या सडकेनेही ऐंशी किलोमीटरच्या वर, मध्ये वैनगंगा. ऐन रोवणीत पेशी लागली की फिर्यादीचंही काम बुडे आणि साक्षीदारांचंही. शिक्षा कुणाला व्हायची ती पुढे होवो, भुर्दंड आधी सगळ्यांना. खून, दरोडा, संशयास्पद मरण यांची खबर गावच्या मुखियाने, म्हणजे मुकद्दमाने, सरकारात द्यावीच लागे, ते कायद्याचं बंधन होतं. बाकीचं पटेलाच्या ओसरीवर किंवा जातीच्या पंचांपुढे मिटे. पंचांचा दंड म्हणजे बहुधा जातीला जेवण. तिथे गरिबाला न्याय मिळेच असं नाही. ज्याच्या घरी बैलजोड्या जास्त, त्याच्या शब्दाला वजन.

१८८२ पर्यंत नागपूरहून राजनांदगावला जाणारी मीटर गेज गाडी गोंदियावरून धावू लागली. नदी आडवी येईना, वरठीला उतरलं की भंडारा थोडक्यावर. पण तिकिटाला रोकड लागे, आणि ती मालगुजाराकडे, सावकाराकडे असे. मजुराची वाट पायीच राहिली.

म्हणून जुन्या कज्ज्यांच्या नोंदी चाळून कुणी म्हणालं, ‘तुमच्याकडची गावं फार शांत होती,’ तर मी मान डोलवत नाही. त्या वह्यांत गावातले सगळे तंटे नाहीत. खून-दरोडे सोडले तर ज्यांना भंडारा परवडलं, त्यांचेच आहेत.