सेव्हंटी-एट्थ फ्रेझर हायलँडर्स पाइप बँड

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील स्पर्धात्मक बॅगपाइप बँड. स्थापना १९८१. पाइप बँडच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सर्वोच्च श्रेणीचे विजेतेपद मिळवणारा स्कॉटलंडबाहेरचा हा पहिला बँड (१९८७).

बँडचे नाव एका जुन्या पलटणीवरून घेतले आहे. सायमन फ्रेझर या स्कॉटिश सरदाराने १७५७ मध्ये उभारलेली ही पलटण १७५९ साली क्वेबेक येथे फ्रेंचांविरुद्ध लढली आणि १७६३ मध्ये बरखास्त झाली. बँडचे वादक मात्र हौशी नागरिक. त्यांचे पहिले प्रमुख (पाइप मेजर) बिल लिव्हिंगस्टन हे पेशाने वकील होते आणि एकलवादक म्हणूनही त्यांचा मोठा लौकिक होता.

बॅगपाइपच्या सुरावटीच्या नळीतून मुळात नऊच स्वर निघतात. आवाज लहानमोठा करता येत नाही आणि तीन ड्रोन नळ्यांचा अखंड सूर मागे चालूच राहतो. त्यामुळे स्पर्धेत सारी मदार सुरेलपणा, एकसंधपणा आणि ड्रमची साथ यांवर असते. ड्रमच्या दोन रोलनंतर सर्व पाइपांवर धून एकाच क्षणी सुरू झाली पाहिजे. एखादा आधी किंवा मागाहून वाजला, की परीक्षकांच्या वहीत लगेच नोंद होते. वादक गोलाकार उभे राहून वाजवतात आणि परीक्षक त्यांच्याभोवती फिरत कान देऊन ऐकतात.

१९८१ ते १९८६ अशी सलग सहा वर्षे जागतिक विजेतेपद ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड पोलिस बँडकडे होते. १९८७ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोच्याच बेलाह्यूस्टन पार्कवर कॅनडाच्या या बँडने ते हिसकावून घेतले. स्कॉटलंडचे वाद्य, स्कॉटलंडचे मैदान आणि करंडक समुद्रापार गेला, ही घटना त्या काळी साधी नव्हती.

तरीही बँडचे खरे योगदान करंडकापेक्षा मोठे आहे. स्पर्धेच्या थोडेच दिवस आधी उत्तर आयर्लंडमधील बॅलिमीना येथे त्यांनी मैफल केली. तिचे ध्वनिमुद्रण ‘लाइव्ह इन आयर्लंड’ या नावाने निघाले. डॉन टॉम्प्सन यांची ‘जर्नी टू स्काय’ ही दीर्घ रचना त्यात आहे. संथ धून, स्वरमेळ, बदलत जाणारी लय आणि मग द्रुत गती, असा तिचा विस्तार आहे. नऊ स्वरांच्या वाद्यावर एवढा मोठा पट मांडता येतो, हे तिने पटवून दिले. संचलन आणि स्पर्धेपुरत्या मानल्या गेलेल्या पाइप बँडला सभागृहातील मैफलीत मानाचे स्थान मिळवून देण्यात या ध्वनिमुद्रिकेचा वाटा फार मोठा आहे.

लिव्हिंगस्टन २०१० मध्ये पायउतार झाले आणि डग मॅक्रे प्रमुख झाले. त्याआधी, १९८७ नंतरचे कॅनडाचे पुढचे जागतिक विजेतेपद १९९५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या बँडने मिळवले होते. पाइप बँडची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्याने सुरुवात ‘लाइव्ह इन आयर्लंड’पासून करावी.