सुईपासून भिंगापर्यंत : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाटचाल

डोळ्याच्या एकाच दुखण्याला आपल्या भाषांनी किती वेगवेगळी नावे दिली आहेत! मराठीत मोतीबिंदू, उर्दूत मोतियाबिंद, सुश्रुताच्या संस्कृतात लिंगनाश आणि अरबी हकिमांच्या ग्रंथांत नुजूलुल मा, म्हणजे डोळ्यात पाणी उतरणे. अकराव्या शतकात आफ्रिकेच्या कॉन्स्टंटाईनने इटलीत बसून अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये उतरवले. या 'उतरणाऱ्या पाण्या'ला त्याने धबधब्याचा लॅटिन शब्द दिला. आज डॉक्टर ज्याला 'कॅटरॅक्ट' म्हणतात तो हाच शब्द. म्हणजे इंग्रजी दवाखान्यात लिहिल्या जाणाऱ्या या नावाच्या मुळाशी अरबी कल्पना आहे.

या नावात आपला वारसा आहे, तशी एक चुकीची समजूतही आहे. मोतीबिंदू म्हणजे पाणी नव्हे, पडदाही नव्हे. बाहुलीच्या मागे असलेले डोळ्याचे नैसर्गिक भिंग वयोमानाने, मधुमेहाने, मार लागल्याने किंवा अन्य कारणाने गढूळ होते, तो मोतीबिंदू. एवढी साधी गोष्ट कळायला माणसाला अठरावे शतक उजाडावे लागले. पण ती कळण्याआधी हजार-दीड हजार वर्षे माणूस त्यावर शस्त्रक्रिया करत होता. चुकीच्या समजुतीवर उभा असलेला हुनर हळूहळू कसा सुधारत गेला, हे सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. इब्न सीना, इब्न हैसम, जहरावी ही नावे आमची मुले पाठ करतात आणि त्यांचा अभिमान बाळगतात. अभिमान असावाच. पण या लोकांनी नेमके काय केले, कसे शिकले, कुठे अडले आणि पुढे कोणी ती वाट सरळ केली, हे मुलांपर्यंत पोहोचत नाही. मोतीबिंदूचा इतिहास त्यासाठी फार उपयोगी आहे.

सुरुवात आपल्याच देशात होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशाची शस्त्रक्रिया बारकाईने सांगितली आहे. फार उष्ण नाही, फार थंड नाही असा दिवस निवडावा. रोग्याला बसवून त्याला आपल्या नाकाकडे पाहायला सांगावे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून जवाच्या टोकासारखी शलाका आत घालावी. डावा डोळा उजव्या हाताने आणि उजवा डोळा डाव्या हाताने करावा. म्हणजे वैद्याचे दोन्ही हात सारखेच तयार हवेत. नंतर तुपाची पट्टी बांधावी आणि रोग्याने शिंकणे, खोकणे, ढेकर देणे, थुंकणे टाळावे. शलाकेने गढूळ भाग नजरेच्या वाटेतून बाजूला सारायचा, एवढाच हेतू. काढून टाकायचे काही नाही.

हे ज्ञान बगदादला पोहोचले. खलिफा हारून रशीदचा वजीर याह्या बिन खालिद बरमकी याच्या सांगण्यावरून मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत समजावून दिला, अशी नोंद इब्न नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये आहे. ग्रीक जालिनूसचे ग्रंथही तिथेच आले. हुनैन बिन इसहाक (809-873) या ख्रिस्ती हकिमाने डोळ्यावर दहा प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. एका हिंदूचे, एका ग्रीकाचे, एका ख्रिस्ती अरबाचे ज्ञान एकाच शहरात एकाच भाषेत आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यातूनच 'कह्हाल' ही स्वतंत्र जमात तयार झाली. कुहल म्हणजे सुरमा, त्यावरून कह्हाल म्हणजे डोळ्यांचा हकीम. बगदादच्या अली बिन ईसाने 'तजकिरतुल कह्हालीन' लिहून सुमारे 130 नेत्ररोगांचे वर्णन केले. त्याच सुमारास, म्हणजे इसवी सन 1000 च्या आसपास, मोसलचा अम्मार बिन अली फिरतफिरत मिसरला पोहोचला आणि खलिफा हाकिमच्या काळात तिथे त्याने 'मुंतखब' हा ग्रंथ लिहिला. या अम्मारने धातूची पोकळ सुई बनवली आणि मऊ मोतीबिंदू ढकलून न देता त्या सुईतून चोखून बाहेर काढला. चोखून काढण्याचा विचार त्याच्याही आधी झाल्याचे उल्लेख आहेत. पण अम्मारने स्वतः केलेल्या शस्त्रक्रियांची हकीकत लिहून ठेवली. रोगी कसा होता, सुई कशी घातली, काय अडचण आली, हे तो सांगतो.

मग ही पद्धत सर्वत्र का पसरली नाही? कारणे समजण्यासारखी आहेत. वृद्धांचा मोतीबिंदू कठीण असतो, तो सुईतून येत नाही. पोकळ सुई जाड असते, तिची जखम मोठी. भूल नाही, जंतूंची कल्पना नाही. शिवाय जालिनूसची शिकवण अशी की भिंग हेच दृष्टीचे मूळ स्थान आणि ते डोळ्याच्या मध्यावर असते. तेव्हा भिंगच गढूळ झाले असेल, असे कोणाच्या मनात आले नाही. बाहुली आणि भिंग यांच्यामध्ये पाणी साचले आहे, असेच सारे मानत राहिले. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो हे प्रयोगाने मांडणारा इब्न हैसमही भिंगालाच दृष्टीचे साधन समजत होता. एवढ्या थोर माणसांचीही नजर जुन्या ग्रंथाच्या अधिकारामुळे अडली. आमच्या मते मुलांना यातून शिकवण्यासारखे पुष्कळ आहे.

ही गाठ 1705 मध्ये सुटली. मिशेल ब्रिसो या फ्रेंच डॉक्टराने एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला. गढूळ झाले होते ते भिंगच. मग प्रश्न आला, गढूळ भिंग डोळ्यातच ढकलून का ठेवायचे? जाक दाव्हिएलने 1747 मध्ये बुबुळाच्या कडेला छेद घेऊन ते बाहेर काढले आणि काही वर्षांनी ही पद्धत पॅरिसच्या शल्यवैद्यांपुढे ठेवली. भूल नव्हती, टाके नव्हते, तरीही शस्त्रक्रियेने नवे वळण घेतले. 1884 मध्ये कार्ल कोलरने कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला, तेव्हा रोग्याची तडफड थांबली आणि डॉक्टरच्या हाताला सवड मिळाली.

याच दोन टप्प्यांच्या मधे एक मराठी नाव येते, आणि ते मालवणच्या माणसाला विशेष जवळचे वाटावे. आमच्या समुद्रात उभा असलेला सिंधुदुर्ग ज्या शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतला, त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्या वंशातले तंजावरचे सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द 1798-1832). श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने धन्वंतरी महाल उभारला. तिथे आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि पाश्चात्त्य अशा सर्व वैद्यकांना जागा होती. राजाला नेत्रोपचाराची विशेष आवड. मॅकबीन नावाचा इंग्रज डॉक्टर त्याच्या जोडीला होता. सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळातली नेत्ररुग्णांची 44 टिपणे सापडली आहेत. रोग्याची तक्रार, केलेला उपचार, नंतरची स्थिती हे त्यांत लिहिलेले, आणि कित्येकांबरोबर रोग्याच्या डोळ्याचे रंगीत चित्रही काढलेले. राजाने उपचार करावा यात नवल आहेच. पण त्याने प्रत्येक डोळ्याचा हिशेब ठेवला, हे आम्हाला त्याहून मोठे वाटते.

कारण हिशेब न ठेवणारी विद्या कशी होते, याचा नमुनाही आपल्या देशातच होता. गावोगाव फिरणारे वैदू आणि सथिये विसाव्या शतकातही सुईने मोतीबिंदू ढकलत होते. सुई फिरली की रोग्याला लगेच बोटे दिसत, घरात आनंदीआनंद होई, पैसे आणि धान्य घेऊन वैदू पुढच्या गावाला जाई. काही दिवसांनी डोळा लाल होई, पू होई, किंवा दाब वाढून कायमचा अंधार येई. तोवर वैदू दूर गेलेला असे. मद्रासच्या नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट एलियट यांनी असे बिघडलेले डोळे तपासून 1917 मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिले. वैदूच्या हातात कसब नव्हते असे नाही. आपल्या कामाचा शेवट काय होतो हे पाहायला तो थांबत नव्हता, म्हणून त्याची सुई सुश्रुताच्या सुईपुढे गेलीच नाही.

त्याच काळात पंजाबात जालंधरला हेन्री स्मिथ हा सैनिकी वैद्यकसेवेतला डॉक्टर बाहेरून दाब देऊन आवरणासह अख्खे भिंग काढत होता. जगभरचे डॉक्टर ते शिकायला जालंधरला येत. आमच्या कोकणपट्टीतल्या लोकांसाठी मोठा आधार म्हणजे घाट चढून मिरज. तिथे वानलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात मोतीबिंदूवरही शस्त्रक्रिया होत. त्या पिढीतल्या रोग्याला डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून कित्येक दिवस निश्चल पडून राहावे लागे. नमाजी वृद्धांना सजद्याची काळजी पडे, तेव्हा आजाऱ्याला इशाऱ्याने नमाज माफक आहे हे कोणीतरी समजावून सांगे. पट्टी सुटल्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागे. डोळ्यातले भिंगच गेलेले, त्याची भरपाई नाकावर करायची.

ती भरपाई डोळ्यातच करण्याची युक्ती लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांना महायुद्धाने सुचवली. विमानाच्या काचेचे, म्हणजे खरे तर ॲक्रिलिकचे, तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते. पण डोळे त्यांनी सुजत नव्हते. 29 नोव्हेंबर 1949 रोजी रिडली यांनी त्याच जातीच्या पदार्थाचे कृत्रिम भिंग रोग्याच्या डोळ्यात बसवले. बड्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे विरोध केला. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी दात साफ करण्याच्या यंत्रावरून बोध घेऊन ध्वनिलहरींनी भिंग फोडून चोखून काढण्याची रीत आणली. तीच 'फेको'. अम्मारची सुई आणि केलमनचे यंत्र यांत कोणी थेट नाते लावू नये. पण हजार वर्षांपूर्वी जिथे कठीण भिंगापुढे सुई हरली होती, तिथेच हा उपाय लागू पडला, हे खरे.

आपल्याकडे प्रश्न होता पैशाचा आणि संख्येचा. 1976 मध्ये सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. व्यंकटस्वामींचे अरविंद नेत्रालय उभे राहिले आणि 1992 पासून त्यांच्या ऑरोलॅबने परदेशी भिंगाच्या किमतीच्या अल्पशा अंशात देशी भिंग तयार केले. मग फेकोच्या महाग यंत्राविना, लहान छेदातून, टाका न घालता भिंग बसवण्याची हातची पद्धत रुळली. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी जे. जे. रुग्णालयात आणि खेड्यापाड्यांतल्या शिबिरांत टाक्याविना शस्त्रक्रिया करून हजारो गरिबांना दृष्टी दिली. 1995 मध्ये आईने दिलेल्या मूत्रपिंडावर ते स्वतः उभे राहिले होते. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पण स्वस्त पद्धत म्हणजे कमअस्सल पद्धत तर नव्हे? या शंकेचे उत्तर पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयाने दिले. डॉ. परीक्षित गोगटे, डॉ. मदन देशपांडे आणि सहकाऱ्यांनी 741 रोगी चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला मोठ्या छेदाची, टाक्यांची जुनी पद्धत, दुसऱ्याला लहान छेदाची. सहा आठवड्यांनी 706 जण तपासले. चष्म्याशिवाय बऱ्यापैकी दिसणारे जुन्या पद्धतीत 37.3 टक्के, नव्या पद्धतीत 47.9 टक्के. हा निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 400 डोळ्यांवर लहान छेद आणि फेको यांची तुलना केली, ती 2005 मध्ये छापली गेली. चष्म्याशिवायच्या नजरेत फेको सरस ठरली. पण चष्मा दिल्यावर दोन्ही गटांत 98.4 टक्के रोग्यांना चांगले दिसत होते. खर्च मात्र फेकोचा पावणेतीनपट. जगातल्या गरीब देशांना उपयोगी पडेल असा हा हिशेब महाराष्ट्रात मांडला गेला.

आता आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांशी दोन शब्द. घराघरांत अजून ऐकू येते, "पिकू दे, मग बघू." अख्खे भिंग दाबून काढायचे त्या काळी हा सल्ला बरोबर होता, पिकलेले भिंग सहज निघे. आज तो उलटा आहे. जास्त पिकलेले भिंग कठीण होते, शस्त्रक्रिया अवघड होते आणि कधी भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढतो. तसे झाले तर गेलेली नजर परत येत नाही. थेंब, मध, सुरमा यांनी मोतीबिंदू विरघळत नाही. जिल्हा रुग्णालयांतून ही शस्त्रक्रिया सरकारी कार्यक्रमाखाली मोफत होते. तरीही आखातातल्या मुलाची सुट्टी होईपर्यंत, नातीचा निकाह उरकेपर्यंत, पाऊस सरेपर्यंत दादी-नानीचा नंबर मागेच ढकलला जातो. घरातल्या पुरुषाचे जाळे विणायचे अडले की लगेच धावपळ होते. तिचे सुईत दोरा ओवणे आणि कुरआनची तिलावत अडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

अम्मारचे नाव घेताना छाती फुगवणाऱ्या समाजाने एवढे तरी करावे. शाळेतल्या प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या साठीपुढच्या माणसांना एक-एक डोळा झाकून समोरचे कॅलेंडर वाचायला सांगावे आणि कोणाला काय दिसले ते वहीत लिहून आणावे. ज्यांना दिसत नाही त्यांची नावे पावसाळ्यापूर्वी दवाखान्यात द्यावीत. आमच्या शाळेत ते करायचे आम्ही ठरवले आहे.