झरणी, येरवडा चक्र आणि दुरुस्तीची घरगुती अवजारे

साधनांचा इतिहास बहुधा त्यांच्या शोधकांच्या नावाने लिहिला जातो. ते साधन बिघडल्यावर कोणी आणि कोणत्या अवजाराने दुरुस्त केले, याची नोंद क्वचितच राहते. परंतु एखादे साधन समाजाच्या कितपत स्वाधीन झाले, हे पाहावयाचे तर दुरुस्तीचाच विचार करावा लागतो. झरणी, म्हणजेच फाउंटन पेन, आणि तिच्यासाठी घरीच घडविलेली अवजारे यांचा या दृष्टीने विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. त्यासाठी येरवडा तुरुंगातील एका प्रयोगाचा आधार घेतला आहे.

बोरू बोथट झाला की लिहिणाराच तो चाकूने पुन्हा तासून घेई. झरणीने ही सोय संपविली. १८८४ साली अमेरिकेत वॉटरमनने पेटंट घेतलेल्या पेनात निबेखालील जिभेला बारीक चर होते. त्यांतून शाई खाली उतरे आणि तिच्या जागी हवा वर जाई. पुढे रबराची पिशवी व ती दाबणारी तरफ आली. लेखन अखंड झाले खरे, परंतु पिशवी फाटली, जीभ सरकली किंवा निबेचे टोक वाकले, की लेखक परावलंबी होई.

याच स्वरूपाचा प्रश्न चरख्याच्या बाबतीत उपस्थित झाला होता. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, ते वीस वर्षे टिकावे आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नसावा, अशा अटी होत्या. म्हणजे वर्षाला फार तर साडेसात रुपये. दुरुस्तीलाही गुणवत्तेचा निकष मानणारी ही अट विशेष लक्षणीय होय. किर्लोस्करांच्या कारखान्यात घडलेले एक यंत्र पुढे आले, परंतु पारितोषिक कोणासच मिळाले नाही.

इकडे मे १९३० ते जानेवारी १९३१ या कारावासात गांधीजी येरवड्यास चरख्यावर प्रयोग करीत होते. त्यातून दोन चाकांचा, पेटीत मिटणारा, सहज नेता येण्याजोगा चरखा विकसित होत गेला आणि ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर पसरला. त्याची चाती वाकली तर सरळ करता येते. माळ तुटली तर सूतच वळून नवी करता येते. ज्या यंत्राचे उत्पादनच त्याच्या दुरुस्तीस उपयोगी पडते, असे हे यंत्र होय. १९३२ साली त्याच तुरुंगात वल्लभभाई पटेल रद्दी कागदांची पाकिटे करीत असत. त्यामागील वृत्तीही हीच होती.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्या सुमारास गांधीजींनी बोरू, देशी शाई व हातकागद यांचा पुरस्कार केला. दुसरीकडे राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन करून त्यांच्याकडे पाठविले आणि १९३५ साली गांधीजींनी ते पसंत केले. झरणी सोडावी, अथवा झरणी देशातच घडवावी, असे हे दोन मार्ग होते.

तिसरा मार्ग मात्र दुर्लक्षित राहिला आहे, आणि तो म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःच घडविलेल्या अवजारांचा. लाकडी ठोकळ्यास क्रमाने वाढत्या आकाराची छिद्रे पाडली, की निब व जीभ मागून पितळी सळईने ठोकून बाहेर काढता येतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, की पक्कडीच्या दातांचा ओरखडा न उमटता घट्ट बसलेला भाग फिरविता येतो. सायकलचा आरा टोकाशी वाकवून नळीत अडकलेली दाबपट्टी ओढून काढता येते. अत्यंत पातळ पितळी पत्र्याने निबेच्या चिरेतील सुकलेली शाई साफ होते. रबरी पिशवी लाखेने चिकटवितात, कारण लाख ऊब दिली असता पुन्हा सुटते. आणि एबोनाइट तापविल्यास मऊ होते, हे ठाऊक असल्याने गरम पाणी हेही एक अवजारच ठरते. सेल्युलॉइडचे पेन मात्र ज्वालेपाशी नेणे धोक्याचे, कारण ते चटकन पेट घेते.

या सामग्रीत बाजारातून खास विकत आणण्याजोगे फारच थोडे आहे. झरणी परक्या कारखान्यातील असो वा देशी, तिचे आयुष्य वाढविण्याचे सामर्थ्य या ठोकळ्याने व सळईने सामान्य माणसाच्या हाती येते. येरवडा चक्राने वस्त्राच्या क्षेत्रात जे साधले, त्याचाच एक अंश या अवजारांनी लेखनाच्या क्षेत्रात साधला, असे म्हणावयास हरकत नाही. चक्र बव्हंशी घरी करता येते, झरणी तशी करता येत नाही, हा भेद अर्थातच राहतो. तथापि जे घरी घडविता येत नाही तेही घरी राखता येते, ही स्वावलंबनाची दुसरी पायरी होय. तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

बॉलपेन आले आणि शाई संपताच लेखणी टाकून देण्याची सवय रूढ झाली. त्याबरोबर दुरुस्तीची गरजही ओसरली. जुने पेन संग्राहक जपून ठेवतो. शाईने काळवंडलेला, नाव नसलेला छिद्रांचा ठोकळा मात्र लाकूड म्हणून चुलीत जातो. त्याबरोबर एका ज्ञानाचा पुरावाही नाहीसा होतो. म्हणून अशी अवजारे जेथे आढळतील तेथे त्यांची मापे, द्रव्य आणि वापरण्याची रीत, ती वापरणारे हयात आहेत तोवर, टिपून ठेवणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य होय.