नाण्यावरचा चेहरा : आपल्या खिशातली आणि डबीतली स्मारक नाणी

मागच्या व्याख्यानात आपण होन आणि शिवराईपाशी थांबलो होतो. उठता उठता एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं आणि म्हणाले, "महाराजांचं चित्र असलेलं दोन रुपयांचं नाणं माझ्याकडे आहे. आज तुम्ही त्याबद्दल काहीच बोलला नाहीत." आम्ही त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी घेऊन या. आज ते घेऊन आलेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

ते नाणं १९९९ सालचं आहे. आणि गंमत अशी, की महाराजांनी स्वतः पाडलेल्या नाण्यांवर त्यांचं चित्र कधीच नव्हतं. १६७४ च्या राज्याभिषेकाचा होन पाहा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती'. बस, एवढंच. नुसती अक्षरं. शिवराईवरही अक्षरंच. म्हणजे ज्या राजाला नाणं पाडायचा पूर्ण अधिकार होता त्याने आपला चेहरा नाण्यावर घातला नाही, आणि सव्वातीनशे वर्षांनी एका प्रजासत्ताकाने तो घातला. असं का झालं, हा आजचा विषय.

आपल्याकडे नाण्यावरच्या चेहऱ्याची सवय लावली ती इंग्रजांनी. त्याआधीही होते, कुशाणांचे होते, गुप्तांचे होते, जहांगीरने तर हातात प्याला घेतलेली स्वतःची मोहोर पाडली. पण सामान्य माणसाच्या कनवटीला चेहरा आला तो राणीचा. 'राणीछाप रुपया' हा शब्द अजून आपल्या घरांत आहे. लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात व्हिक्टोरियाचा किंवा पाचव्या जॉर्जचा बंदा रुपया ठेवणारी घरं आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असतील. लंडनच्या राणीला हळद-कुंकू वाहिलं जातं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण तिथे पूजा चांदीची असते.

पण चेहरा म्हणजे सत्ता, हे लोकांना बरोबर कळत होतं आणि म्हणून ते नाणं बारकाईने वाचत होते. १९११ सालचा रुपया घ्या. पाचव्या जॉर्जच्या अंगावरच्या वस्त्रात एक बारीकसा हत्ती कोरलेला होता. कोरणाऱ्याने सोंड आखूड काढली. लोकांना तो हत्ती दिसला नाही, डुक्कर दिसलं. हिंदू नाराज, मुसलमान नाराज. सरकारने बहुतेक रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून चांगला ठसठशीत हत्ती काढला. संग्राहकांत तो १९११ चा रुपया आजही 'डुकराचा रुपया' म्हणूनच ओळखला जातो. हा किस्सा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

१५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची नवी नाणी आली आणि राजाचं डोकं गेलं. त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. या देशात आता कुणाही एका माणसाची मालकी नाही, हे घटनेने शब्दांत सांगितलं, आणि नाण्याने ते निरक्षर माणसाच्या तळहातावर ठेवलं. त्यानंतरची चौदा वर्षं भारताच्या नाण्यावर एकही मानवी चेहरा नाही. १९५७ ला दशमान पद्धत आली, नवे पैसे आले, आकार बदलले, तरी नाही.

मग २७ मे १९६४ ला नेहरू गेले. आणि त्याच वर्षी त्यांचा चेहरा असलेला रुपया आणि पन्नास पैसे निघाले. स्वतंत्र भारताचं हे पहिलं स्मारक नाणं. पन्नास पैशांत दोन तऱ्हा आहेत, एकीवर नाव इंग्रजीत, दुसरीवर देवनागरीत. राजभाषेचा वाद तेव्हा किती तापला होता ते आठवा, म्हणजे ही तऱ्हा नुसती संग्राहकांची हौस उरत नाही.

इथे एक नवा नियम तयार झाला, कुठे लिहून न ठेवता. राजा जिवंत असताना नाण्यावर येतो. आपल्या प्रजासत्ताकात माणूस गेल्यावर येतो. चेहरा परत आला, पण मालक म्हणून नाही, आठवण म्हणून. आमच्या मते स्मारक नाण्यांचा सगळा इतिहास या फरकाभोवती फिरतो : हे नाणं आठवण म्हणून आपल्या हातात येतं का, की पुन्हा कुणाच्या तरी थोरवीचा पुरावा म्हणून मखरात बसतं?

१९६९ ला गांधीजींची जन्मशताब्दी झाली. वीस पैसे, पन्नास पैसे, रुपया आणि चांदीचे दहा रुपये अशी चार नाणी निघाली. वीस पैशांचं पिवळंधमक नाणं लोकांनी खर्चच केलं नाही, डब्यात टाकलं. दहा रुपयांचं नाणं पंधरा ग्रॅमचं, त्यात ऐंशी टक्के, म्हणजे बारा ग्रॅम चांदी. आमच्याकडे आलेलं पहिलं चांदीचं नाणं हेच. काळं पडलं होतं म्हणून चिंच आणि राख लावून लख्ख घासलं. चकाकलं खरं, पण चष्म्याची कड, कपाळावरची रेघ, सगळं बोथट झालं. एका जुन्या जाणत्या संग्राहकांना कौतुकाने दाखवायला नेलं तर त्यांनी भिंगातून पाहिलं, परत दिलं आणि म्हणाले, "आता ही बारा ग्रॅम चांदी आहे." त्यानंतर आम्ही कुठल्याच नाण्याला चिंच लावलेली नाही.

सत्तरचं दशक भरभर ओलांडू. त्या वर्षांत नाण्यावर माणसं कमी आणि घोषणा जास्त. 'सर्वांसाठी अन्न', 'अधिक धान्य पिकवा', १९७४ ला कुटुंबनियोजन, १९७९ ला बालकवर्ष. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा जगभर नाणी काढायचा उपक्रम होता, त्यात आपण होतो. दहा पैशांच्या ॲल्युमिनियमच्या नाण्यावर छोटं कुटुंब. सरकारला जे सांगायचं ते भाजीच्या सुट्ट्या पैशांतून घरोघर पोचत होतं, पोस्टाचं तिकीटही न लावता. कितीजणांनी ते ऐकलं हा भाग वेगळा. १९८२ ला एशियाड आलं आणि त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मतेचं, भारताच्या नकाशाचं दोन रुपयांचं नाणं आलं. हीच नकाशाची छाप पुढे १९९२ नंतरच्या अकरा कोनांच्या दोन रुपयांवर इतकी रुळली, की हे मुळात स्मारक नाणं होतं हेच आपण विसरलो.

आता आपल्या मुख्य जागेवर येऊ. १९९० ते साधारण २००७. आमच्या दृष्टीने हा स्मारक नाण्यांचा उत्तम काळ. कारण एकच, ती चालत होती. १९९० ला डॉ. आंबेडकरांचा रुपया आला. १९९९ ला ज्ञानेश्वरांचा रुपया आणि महाराजांचे दोन रुपये. २००२ ला तुकोबांचे दोन रुपये. २००७ साल घातलेले टिळकांचे पाच रुपये. ही नाणी मिळवायला कुठे अर्ज करावा लागत नव्हता. एसटीच्या कंडक्टरकडून, रेशनच्या दुकानातून, पानाच्या टपरीवरून सुट्टे म्हणून ती यायची.

तुकोबांचं नाणं थोडं थांबून पाहा. परंपरा सांगते की शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला. धनाबद्दल त्यांचं मत काय होतं ते देहूच्या कुठल्याही पोराला विचारा. त्यांचंच चित्र दोन रुपयांवर! विरोधाभास आहेच. पण आम्ही असंही म्हणू, की तुकोबा वाण्याच्या घरातले, दुकानदारी केलेले. देवघरापेक्षा गल्ल्यात ते कदाचित कमी अवघडले असते.

आंबेडकरांच्या रुपयाची गोष्ट वेगळी. आम्ही गेलेल्या एका घरात तो रुपया फोटोच्या चौकटीत, काचेच्या आत, कोपऱ्यात लावलेला होता. घरातल्या आजी म्हणाल्या, "हा मजुरीत आला होता. खरचायचा न्हाई म्हटलं." एक रुपया. त्या दिवशीच्या मजुरीतला एक रुपया त्यांनी कायमचा बाजूला काढला होता. आम्हाला विचाराल तर त्या घरातला तो संग्रह आमच्या कपाटातल्या सगळ्या संग्रहापेक्षा वरचढ आहे, एका नाण्याचा असला तरी.

आणि या काळात फक्त थोर माणसंच होती असं नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्याला दीडशे वर्षं झाली म्हणून २००३ ला दोन रुपयांचं नाणं निघालं. त्यावर कोण? भोलू. हातात कंदील धरलेला, रेल्वेचा गार्ड झालेला हत्ती. एका काळी हत्ती डुकरासारखा दिसला म्हणून रुपये वितळवले गेले, आणि त्याच देशाच्या नाण्यावर आता व्यंगचित्रातला हत्ती हसत उभा. लहान मुलांनी हे नाणं फार जमवलं. आमच्यातल्या दोघांचा छंद भोलूपासूनच सुरू झाला, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

यानंतर गाडीने रूळ बदलला. मुंबईच्या टांकसाळीतून संग्राहकांसाठी खास संच पूर्वीपासून निघत होतेच. दोन जाती असतात : एक साधा न वापरलेला संच, आणि दुसरा 'प्रूफ'. प्रूफमध्ये साचा आणि चकती दोन्ही घासूनपुसून घेतात, ठसा एकाहून जास्त वेळा मारतात, म्हणून पार्श्वभूमी आरशासारखी आणि चेहरा दुधाळ दिसतो. पण ते मूळ नाण्याच्या जोडीला असायचं. २०१० नंतर जोडी सुटत गेली. पंचाहत्तर रुपये, दीडशे रुपये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासाठी हजार रुपये. कायद्याने ही सगळी नाणीच, पण बाजारात ती कधी येतच नाहीत. नेहमीचं शंभराचं नाणं ४४ मिलिमीटरचं, ३५ ग्रॅमचं, निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. ते टांकसाळीकडून दर्शनी किमतीच्या कितीतरी पट दराने, डबीत बंद होऊन विकत घ्यायचं.

लोकप्रिय कलावंत नाण्यावर आले ते नेमके याच काळात. एम. एस. सुब्बुलक्ष्मी, एम. जी. रामचंद्रन. २८ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते एन. टी. रामाराव यांचं शंभर रुपयांचं नाणं निघालं. आता विचार करा. ज्या नटाला आंध्रातल्या रिक्षावाल्याने, शेतमजुराने मोठं केलं, त्याचं नाणं त्या रिक्षावाल्याच्या हाती भाडं म्हणून कधीच पडणार नाही. पूर्वी ज्ञानेश्वर स्टेनलेस स्टीलच्या रुपयावर येत होते आणि आता सिनेमातले देव चांदीत. आम्हाला हे खटकतं. डबीतली नाणी आम्हीही घेतो, खोटं कशाला बोला. देखणी असतात. पण ती विकत घेताना आपण आठवण घेतोय की पावती, असा प्रश्न पडतो.

आणि जी थोडी अजून चलनात येतात त्यांचं काय झालं? डिसेंबर २०१५ मध्ये आंबेडकरांच्या सव्वाशेव्या जयंतीनिमित्त सव्वाशे रुपयांचं नाणं निघालं, आणि त्याबरोबर दहा रुपयांचंही. दहाचं चालायचं होतं. पण तोवर दहाची नाणी इतक्या वेगवेगळ्या छापांची झाली होती, की लोकांना खरं कोणतं कळेना. कुणी म्हणे रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं, कुणी किरणं मोजायला लागलं. भाजीवाले, रिक्षावाले, दुकानदार सरळ सांगू लागले, "दहाचं नाणं चालत नाही." शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं, की दहाची नाणी चौदा प्रकारांत काढली आहेत आणि चौदाही खरी आहेत. तरी कित्येक गावांत ती चालली नाहीत ती नाहीतच.

१९११ चा रुपया आठवला ना? फरक बघा. तेव्हा लोकांनी चित्र नीट पाहून नाणं नाकारलं. या वेळी चित्र कुणाचं आहे तिकडे न बघताच नाकारलं. १९९० साली मजुरीतून बाजूला काढलेला चेहरा पंचवीस वर्षांनी गल्ल्यावरून परत ढकलला गेला, तोही कुठल्या द्वेषाने नाही, नुसत्या गोंधळाने.

या गोंधळाचा फायदा घेणारेही आलेच. 'वैष्णोदेवीचं नाणं असेल तर लाखो रुपये मिळवा' असे निरोप तुमच्याही मोबाईलवर आले असतील. आधी 'नोंदणी फी' मागतात, मग कर, मग आणखी काही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपल्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या दहा फोनपैकी निम्मे याचेच असतात. ती नाणी लाखोंच्या संख्येने निघालेली असतात हो, ती लाखो रुपयांना कशी जातील?

तेव्हा आमच्या श्रोत्यांचं नाणं. तुमचा दुसरा प्रश्न होता, याचे किती येतील. चलनात फिरलेलं आहे, कडा झिजल्यात, फार येणार नाहीत. साल खाली आहे, त्याच्याजवळ टांकसाळीची खूण शोधा : चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, बारीक गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. एक ओरखडा दिसतोय महाराजांच्या खांद्यावर. तो कशाचा, ते त्यांनी आम्हाला मघाशी सांगितलं : मुलीच्या शाळेच्या कंपासपेटीत हे सात वर्षं होतं.

त्यांची परवानगी घेतली आहे, आपण ते फिरवू. बोट छापेवर ठेवू नका, कडेने धरा. भिंग आमच्याकडे एकच आहे, त्यामुळे जरा वेळ लागेल. पहिल्या रांगेत डावीकडून सुरू करा.